आधी पाणी, मग काठ : शिरूर आणि दौंडच्या नद्यांविषयी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला शिरूर आणि दौंड ही दोन शहरे आहेत. शिरूरच्या वेशीवर घोड नदी, दौंडच्या वेशीवर भीमा. दोन्हीकडे पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. शिरूरचा पूल उतरताच गव्हाणवाडी लागते, दौंडचा पूल उतरून काष्टीचा रस्ता धरता येतो. पलीकडे दोन्ही वेळा श्रीगोंदा तालुका, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा. त्यामुळे नदीचे अर्धे पात्र एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते आणि अर्धे दुसऱ्याच्या. एका काठावर छापा पडला की वाळूची बोट दुसऱ्या काठाला लागते. एका काठाने पत्र लिहिले की दुसरा काठ ते पुढे पाठवतो. शहराच्या मधून वाहणारी नदी निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी मोर्चे निघतात, न्यायालयात याचिका जातात, वर्तमानपत्रांची पाने भरतात. हद्दीवरून वाहणारी नदी मात्र बोलण्यातून निसटते. पुढच्या पानांत ज्या नद्यांचा विचार केला आहे, त्या अशा निसटलेल्या नद्या आहेत.

नदी-पुनरुज्जीवन हा शब्द आता अंदाजपत्रकांत चांगलाच रुळला आहे. तो ऐकला की डोळ्यांपुढे येते ते ठरावीक चित्र : दगडी पायऱ्या, फरसबंदी पायवाट, दिव्यांचे खांब, बाकडी, कारंजे. चित्र वाईट नाही. नदीकाठी संध्याकाळी चार माणसांनी निवांत बसावे, मुलांनी खेळावे, हे कोणाला नको आहे? पण या चित्रात पाणी बहुधा निळे रंगवलेले असते, आणि ते निळे कसे झाले हे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : आधी पाणी, मग काठ. आणि पाणी सुधारले की नाही याची परीक्षा आपल्या घाटावर होत नसते, ती पुढच्या गावाच्या घाटावर होते. शिरूर आणि दौंड ही दोन्ही शहरे कोणाची तरी पुढची गावे आहेत, आणि कोणाची तरी मागचीही. म्हणून हा विषय समजून घ्यायला पुण्या-मुंबईपेक्षा ही दोन शहरे मला अधिक योग्य वाटतात.

पाण्याची वाट आधी नीट पाहू. घोड नदी आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. डिंभे धरण आणि घोडेगाव मागे टाकून ती पूर्वेला येते. वाटेत मीना तिला मिळते, नाणेघाटाकडून आलेली कुकडीही मिळते. याच कुकडीने टाकळी हाजी आणि निघोजच्या दरम्यान काळ्या कातळात रांजणखळगी कोरली आहेत. ती पाहायला भूगोलाचे विद्यार्थी लांबून येतात. शिरूर ओलांडल्यावर चिंचणीला घोड धरण आहे, आणि पुढे दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेत विसर्जित होते. भीमा निघते भीमाशंकरहून. चासकमान धरण, पुढे तुळापूरला इंद्रायणीचा संगम, मग कोरेगाव भीमा. भामा आणि वेळ या नद्याही तिला येऊन मिळतात, आणि रांजणगाव सांडस व वाळकीच्या शिवारात मुळा-मुठा तिच्यात उतरते. शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडीच्या मधल्या गावांना बेट भाग म्हणतात, तर दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठेमधल्या पट्ट्याला राहू बेट. दोन्ही तालुक्यांची सुपीक जमीन अशी नद्यांच्या कुशीत आहे.

या वर्णनाचा सरळ अर्थ असा की दौंडच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात देहू-आळंदीचा वाटा आहे, पिंपरी-चिंचवडचा आहे, पुण्याचा आहे, चाकण, शिक्रापूर आणि रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्याचा आहे, शिरूरचाही आहे. दौंडच्या खाली पेडगावचा किल्ला, सिद्धटेकच्या गणपतीचा घाट, भिगवणचे पाणपक्षी, उजनीचा यशवंतसागर आणि शेवटी पंढरपूर. तिथे हीच भीमा चंद्रभागा म्हणून ओळखली जाते आणि वारकरी तिच्यात डुबकी मारतात. दौंड या साखळीच्या बरोबर मध्यावर आहे.

नदीकाठच्या या दोन शहरांनी नदीकडे पाठ कशी फिरवली, तेही पाहायला हवे. शिरूरला आजही जुनी माणसे घोडनदी म्हणतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे छावणी वसवली. घोडदळाला लागणारे पाणी आणि मोकळे रान दोन्ही इथे होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण याच छावणीतून निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला भीमाकाठी कोरेगावला पोहोचली. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे बरीच वर्षे शिरूरला होते. छावणीमागे पेठ आली, पेठेमागे व्यापार आला. मग छावणी गेली, आणि शहराचा जीव पुणे-नगर रस्त्यावर आला. दुकाने, एसटी स्थानक, नंतर रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आलेली भाड्याची घरे, सगळे रस्त्याच्या अंगाने वाढले.

दौंडचे तसेच झाले, फक्त रस्त्याच्या जागी रेल्वे आली. पुण्यापासून पूर्वेला जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८५८ मध्ये दौंड ओलांडून डिकसळपर्यंत धावू लागली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेवर रेल्वेचा पूल उभा राहिला. तेव्हापासून दौंड हे जंक्शनचे गाव. रेल्वे वसाहती, राज्य राखीव पोलीस दलाचे गट, बाजार, शाळा, सारे स्टेशनच्या आसऱ्याने वसले. नदीवर जाण्याची कारणे एकेक करून कमी झाली. घरात नळ आला, पाणवठा सुटला. शेतात मोटार आली, मोट सुटली. उरले ते दशक्रिया विधी, गणेश विसर्जन आणि कचऱ्याची गाडी रिकामी करायची जागा. ज्या घरांना दुसरीकडे जागा परवडली नाही ती काठावर राहिली. म्हणून नदीकाठची वस्ती म्हटली की या दोन्ही शहरांत पुराचे पाणी सर्वांत आधी आणि नळाचे पाणी सर्वांत शेवटी मिळणारी वस्ती, असाच अर्थ होतो. काठ सुधारण्याचा विचार या माणसांपासून सुरू झाला पाहिजे. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांनाच उठवले, तर तो काठ दुसऱ्याच कोणाचा झाला म्हणायचे.

दोन्ही शहरांची दुखणी मात्र वेगळी आहेत, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शिरूरच्या नदीला पाणी कमी पडते. दौंडच्या नदीला पाणी असते, पण ते वापरता येत नाही.

दौंडची गोष्ट आधी सांगतो, कारण तीत पुण्याचा हात थेट आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. ही धरणे पुण्याची तहान भागवतात, तशीच हवेली, दौंड, बारामती आणि इंदापूरची शेतीही त्यांच्यावर आहे. नवीन मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून पुण्यातून थेट इंदापूरकडे जातो आणि त्याच्या आवर्तनाकडे, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीकडे, दौंड तालुका वर्षभर डोळे लावून बसतो. पुणे महापालिकेचा जुना मंजूर कोटा ११.५० टीएमसीचा होता. शहर वाढत गेले आणि प्रत्यक्ष उचल त्याच्या कितीतरी पुढे गेली. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे सगळेच अभियंते धरून चालतात. म्हणजे शहराने धरणातून घेतलेले पाणी नाहीसे होत नाही. ते मुळा-मुठेतून खाली येते, दौंड तालुक्यातच येते, पण रंग, वास आणि गुण बदलून येते.

असे दौंड तालुक्यात पुण्याचे पाणी तीन वाटांनी पोहोचते. एक वाट नव्या कालव्याची : धरणाचे पाणी, पण आवर्तनापुरते. दुसरी नदीची : बारमाही, पण मैलापाण्याची. तिसरी जुन्या मुठा कालव्याची, ज्याला शेतकरी बेबी कालवा म्हणतात. मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचे प्रक्रिया केलेले ६.५ टीएमसी पाणी दरवर्षी या कालव्यात सोडायचे, आणि त्या बदल्यात शहराने धरणातून तितके पाणी घ्यायचे, असा तो हिशेब. कल्पना म्हणून ती उत्तमच आहे. पाण्याचा पुनर्वापर याहून सरळ कसा सांगता येईल? पण तिचा सारा भार ‘प्रक्रिया केलेले’ या दोन शब्दांवर आहे. शहरातले मैलापाणी पूर्ण शुद्ध झाले तर शेतकऱ्याला हा कालवा वरदान ठरेल. अर्धे झाले, तर शहराने आपली घाण पंपाने उचलून शेतात सोडली एवढाच त्याचा अर्थ.

दौंड शहराची स्थिती याहूनही बोलकी आहे. भीमेच्या काठावर वसलेले हे शहर पिण्यासाठी खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी साठवण तलावात भरून घेते. आवर्तन लांबले की शहरात टंचाई होते. पुलाखाली नदी वाहत असते आणि नळाला पाणी दिवसाआड येते. नदीकाठचे शहर नदीचे पाणी पिऊ शकत नाही, ही बाब आपण इतक्या सहज स्वीकारली आहे की तिची बातमीही होत नाही. राहू बेटातल्या शेतकऱ्याला हेच दुसऱ्या प्रकारे भोगावे लागते. काठच्या विहिरींना नदीचा पाझर येतो. उसाला ते पाणी चालते, पण प्यायला चालत नाही. जलपर्णी बंधाऱ्यात अडकते, कुजते आणि डासांचे थवे गावात शिरतात. पहिल्या पुराचा लोंढा आला की वर्षभराचा साठलेला गाळ आणि जलपर्णी एकदम खाली जाते, उजनीच्या फुगवट्यात पसरते. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात आता मुख्यतः चिलापी सापडतो. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरणारा मासा तो.

शिरूरची गोष्ट वेगळी. घोड आणि कुकडी या दोन्ही नद्या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी अडवलेल्या आहेत : डिंभे घोडेवर, माणिकडोह आणि येडगाव कुकडीवर, पिंपळगाव जोगे पुष्पावतीवर, वडज मीनेवर. या धरणांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत ते करमाळ्यापर्यंत पाणी नेले. कोरडवाहू गावांत ऊस, कांदा आणि डाळिंब आले, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवे. पण नदीच्या वाट्याला उरले ते पावसाळ्यातले जादा पाणी आणि आवर्तनातून बंधारे भरण्यापुरते सोडलेले पाणी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला ऑक्टोबरात ढापे टाकले की पात्रात डोह साचतो आणि उन्हाळ्यापर्यंत तो खाली खाली जातो. शिरूर शहराचा पाणीपुरवठा अशाच बंधाऱ्याच्या पाण्यावर आहे. अशा साचलेल्या पाण्यात शहराचा एक नाला जरी मिसळला, तरी तो धुऊन नेणारा प्रवाहच तिथे नसतो. पुण्याच्या मानाने शिरूरचे सांडपाणी नगण्य असेल. पण वाहत्या नदीत जे विरून जाते, ते साचलेल्या डोहात साठत राहते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्या यादीत मुळा, मुठा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी आणि भीमा ही नावे असणार, हे कोणीही सांगेल. पण तिच्यात घोड आहे आणि शिक्रापूरवरून वाहणारी छोटी वेळ नदीही आहे. म्हणजे हा प्रश्न आता महानगरांपुरता उरलेला नाही. गाव शहर होते, शहराजवळ कारखाने येतात, भाडेकरूंच्या चाळी वाढतात, आणि गटारयोजना मात्र कागदावर राहते. पुण्याने शंभर वर्षांत जे केले, ते शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव वीस-पंचवीस वर्षांत करून दाखवत आहेत. औद्योगिक वसाहती आणि नद्या यांच्यात अंतर राखायला राज्यात नदी नियमन क्षेत्र धोरण होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. त्या धोरणात त्रुटी होत्या, पण ते रद्द झाल्यावर त्याच्या जागी तितके स्पष्ट दुसरे काही आले नाही.

वाळूचा विषय काढल्याशिवाय शिरूर-दौंडच्या नदीबद्दल बोलताच येत नाही. एके काळी भीमेच्या आणि घोडेच्या पात्रात वाळूचे जाड थर होते. उन्हाळ्यात या वाळूवर टरबूज, खरबूज आणि काकडीच्या वेली असत. वाळूचा थर पावसाळ्यातले पाणी पोटात धरतो आणि हळूहळू काठच्या विहिरींना देतो. वरून येणारे पाणी गाळण्याचे कामही तोच करतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या इमारती वाढल्या तशी या वाळूला सोन्याची किंमत आली. यांत्रिक बोटींनी पात्र खोल खरवडले. महसूल खात्याची पथके बोटी पकडतात, जिलेटिनचे स्फोट करून त्या नष्ट करतात, आणि काही दिवसांनी नव्या बोटी पाण्यात दिसतात. कारवाईला गेलेल्या तलाठ्यांवर आणि तहसीलदारांवर हल्ले झाल्याच्या बातम्या राज्यभरातून येतात. वाळू गेली की विहिरीची पातळी उतरते, काठ ढासळतो, पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो आणि नदीची स्वतःला स्वच्छ करण्याची ताकद संपते. पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही आराखड्यात वाळूचे प्रकरण नसेल, तर शिरूर-दौंडसाठी तो आराखडा अपुरा आहे.

आता मोठ्या शहरांच्या नमुन्याकडे वळू, कारण छोट्या नगरपरिषदा त्यांच्याकडेच पाहून आपले आराखडे करतात. अहमदाबादचा साबरमती प्रकल्प देशभर गाजला. दोन्ही काठांवर सुमारे ११ किलोमीटरची बांधीव किनारपट्टी झाली, बागा झाल्या, लोक तिथे जातात आणि रमतात, हे खरेच आहे. पण त्या पट्ट्यातले पाणी नर्मदा कालव्यातून आणलेले आहे, ते वासणा बंधाऱ्याने अडवून ठेवलेले आहे. बंधाऱ्याच्या खाली साबरमतीची जी अवस्था आहे, तिची गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. खालच्या गावांच्या दृष्टीने पाहिले, तर शहरातल्या सुंदर काठाने त्यांचा प्रश्न सुटलेला नाही.

पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा आराखडाही साबरमतीचा आराखडा करणाऱ्याच वास्तुरचनाकार संस्थेने केला. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, खर्च सुमारे ४,७२७ कोटी रुपये, भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला. त्याआधी, २०१६ मध्ये, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून सांडपाणी प्रकल्प मंजूर झाला होता : ११ शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, मूळ खर्च ९९०.२६ कोटी. निविदा आणि जागांच्या वादात तो वर्षानुवर्षे लांबला. दोन्ही रकमा शेजारी ठेवल्या की प्राधान्य कशाला मिळाले ते कळते. रोज ३९६ दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ५ टीएमसी. एवढे पाणी खरोखर शुद्ध होऊन खाली आले, तर दौंड तालुक्याचे चित्र बदलेल. दौंडच्या शेतकऱ्याने पुण्यातल्या पायऱ्यांना विरोध करायचे कारण नाही, पण शुद्धीकरण केंद्रे आधी पूर्ण करा, हा आग्रह धरण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. पुराचा प्रश्नही काठ बांधण्याशी जोडलेला आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग गेला आणि पुण्यात एकतानगरीत घरांत पाणी शिरले. पात्र आवळले की पाणी वर चढते. १२ जुलै १९६१ चा पानशेत प्रलय पाहिलेल्या शहराला हे सांगावे लागू नये.

परदेशातले एक उदाहरण मला विशेष जवळचे वाटते. जर्मनीतल्या म्युनिक शहराने इसार नदीचा आठ किलोमीटरचा पट्टा २००० ते २०११ या काळात पुन्हा मोकळा केला. शंभर वर्षांपूर्वी बांधलेले सरळ, दगडी काठ त्यांनी तोडले. पात्र रुंद केले, नदीला गोट्यांचे किनारे परत दिले, जलविद्युत कालव्यात वळवलेल्या पाण्यातला जास्त वाटा नदीत सोडला. आणि वरच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय केली, म्हणजे खालच्या शहरातली माणसे पोहू शकतील. यात सजावट थोडी आहे, पण पूर, पाणी आणि माणूस या तिघांचाही विचार आहे. विशेष म्हणजे खालच्या शहरासाठी वरच्या गावांनी आपले पाणी सुधारले. आपल्याकडे नेमके हेच घडत नाही.

मग शिरूर आणि दौंडसारख्या नगरपरिषदांनी करायचे काय? वरच्या शहरांकडे बोट दाखवून स्वस्थ बसता येणार नाही. स्वतःचा नाला स्वतः थांबवल्याशिवाय पुण्याला जाब विचारण्याचे बळ येत नाही. आणि छोट्या शहराला हे जमत नाही हे म्हणणे खरे नाही. कृष्णाकाठच्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८ च्या सुमारास मैला गाळ प्रक्रिया केंद्रे उभारली. प्रत्येक घराच्या सेप्टिक टाकीचा उपसा ठरावीक मुदतीने, पाळीपाळीने करायचा, आणि तो गाळ नाल्यात न सोडता केंद्रात न्यायचा, अशी साधी व्यवस्था. त्यासाठी शेकडो कोटींची भुयारी गटारे लागली नाहीत. वाई हे घाटांचे गाव, शिरूरच्याच तोलाचे. तिथे जे होऊ शकते ते शिरूरला आणि दौंडला का होऊ नये?

कामांचा क्रम मी असा लावतो. पहिले, शहरातून नदीत उतरणारा प्रत्येक नाला नकाशावर आणायचा आणि त्याच्या तोंडाशी प्रक्रिया करायची. दुसरे, निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, जमिनीवर खुणा करून लोकांना दाखवायच्या आणि निळ्या रेषेच्या आत भराव टाकू द्यायचा नाही. तिसरे, आवर्तनाच्या वेळापत्रकात नदीसाठी म्हणून पाण्याचा वाटा मागायचा, शेतीच्या आणि पिण्याच्या बरोबरीने. चौथे, दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच नदीसमिती असावी. शिरूर आणि गव्हाणवाडी, दौंड आणि पलीकडचा काठ यांनी वाळूवर एकत्र पहारा ठेवावा. यानंतरच घाट, दशक्रियेची स्वच्छ जागा, सावली आणि बसायला बाकडी. तीही काठच्या वस्तीला विचारून, आणि शक्यतो सिमेंटशिवाय.

यश मोजायचे कसे, याचे उत्तर दौंडजवळच आहे. पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात रोज एक आकडा विचारला जातो : ‘दौंडचा विसर्ग किती?’ दौंडच्या पुलापाशी मोजलेल्या पाण्यावरून उजनी कधी भरणार याचे गणित मांडले जाते. सव्वाशे किलोमीटर दूर बसलेला शेतकरी दौंडच्या क्युसेकवर आपल्या उसाचा विचार करतो. हीच मोजणी पाण्याच्या गुणासाठीही व्हावी. अंघोळीयोग्य पाण्याचे निकष ठरलेलेच आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा, आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत हवी. हे आकडे दर आठवड्याला विसर्गाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे छापून यावेत. पुण्याचा प्रकल्प यशस्वी झाला की नाही हे दौंडच्या आकड्याने ठरावे. शिरूरचे काम झाले की नाही हे चिंचणीच्या धरणातल्या पाण्याने ठरावे, आणि दौंडचे सिद्धटेकच्या घाटाने.

या पुस्तकाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे. सुरुवातीला घोड, कुकडी, भीमा आणि मुळा-मुठा यांची भूगोल आणि धरणांच्या अंगाने ओळख आहे. मग दोन्ही शहरांच्या वाढीचा इतिहास येतो. तिसऱ्या भागात सांडपाणी, वाळू आणि पूर यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. शेवटच्या भागात देशातल्या आणि बाहेरच्या प्रयोगांची चर्चा असून नगरपरिषदांना हाती घेता येतील अशी कामे सुचवली आहेत. सरकारी कागद, अभियंत्यांचे हिशेब आणि काठावरच्या माणसांचे अनुभव या तिन्हींना सारखे वजन द्यायचा प्रयत्न केला आहे. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत नदी पाझरते, तोही नदीचा जाणकार आहे, अशी माझी ठाम समजूत आहे.

राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केले आणि २०२२ मध्ये गांधी जयंतीला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ अभियान सुरू केले. नदीवर भक्ती आहे, नदी जाणून घेण्याची इच्छाही आहे. पंढरपूरच्या वाळवंटात ज्याला स्वच्छ पाणी हवे आहे, त्याने आळंदीला इंद्रायणीवर येणाऱ्या फेसाबद्दल, मुंढव्याच्या जॅकवेलबद्दल, शिरूरच्या नाल्याबद्दल आणि दौंडच्या वाळूबद्दलही विचारले पाहिजे. नदी अखंड वाहते, मग जबाबदारी हद्दीपाशी येऊन थांबता कामा नये. शिरूर आणि दौंडच्या नगरसेवकांना, तिथल्या शिक्षकांना, कालवा सल्लागार समितीच्या बैठकांना जाणाऱ्या शेतकऱ्यांना आणि पुण्यात बसून नदीचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना हे पुस्तक हाताशी असावे, या हेतूने ते लिहिले आहे. त्यांनी ते वाचून आपल्या गावाच्या खालच्या पहिल्या गावाला जावे, तिथल्या पाण्याचा नमुना घ्यावा आणि तपासणीचा कागद आपल्या पुढच्या सभेत टेबलावर ठेवावा. काठावर खर्च करायच्या पहिल्या रुपयाचा निर्णय त्या कागदावरून व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.